तर

लिएपायात जानेवारीत चारला अंधार पडतो.
इल्ग्वार्स शीतगृहातली पाळी संपवून येतो,
हातमोजे रेडिएटरवर टाकतो,
आणि हेरिंगचा वास खोलीभर पसरेपर्यंत
पडद्यावर साठेक माणसं जमलेली असतात,
कुणी न्हावी, कुणी फौजदार, कुणी नुसताच फरार.

आराखडा त्याचा. तक्रारी माझ्याकडे.
मी वाचते, चाळते, शिव्या बाजूला काढते,
उरलेलं त्याला सांगते
तो जेवत असताना. नंतर तो ऐकत नाही.

आमचं गाव सेनओस्ता. खऱ्या नकाशात सापडणार नाही.
अलीकडच्या काठाला बाजार,
पलीकडे कोर्ट, तुरुंग, दवाखाना,
मधे नदी, आणि नदीत एक तर.
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी संथ.
एका खेपेला नऊ मिनिटं,
खरी, भिंतीवरच्या घड्याळातली.

दोन वर्षं एकच रडगाणं: तर हळू आहे.
काउनासचा मंत्वीदास रोज लिहायचा,
चोर पकडायचा, की पाण्याकडे बघत बसायचं?
कुणीतरी आलेखच काढून पाठवला,
आयुष्याचे किती तास नदीत गेले त्याचा.
मी मोजल्या. चारशे बारा तक्रारी.

इल्ग्वार्सच्या आराखड्यात पूल नव्हता.
खाण होती, विमानतळ होता,
निवडणुकीचं अख्खं यंत्र
सहा महिने खपून लिहिलेलं.
मी म्हटलं, लोक पूल मागताहेत.
लोक काय, म्हणाला, उद्या पंखही मागतील.
मग अकरा रात्री जागून बांधला.
चांगला बांधला. खांबांना शेवाळसुद्धा होतं.

पहिल्या दिवशी फटाके.
मंत्वीदास सत्तावीस सेकंदांत पार.

तिसऱ्या आठवड्यात तक्रारी थांबल्या.
मला वाटलं, जिंकलो.
मग ध्यानात आलं, माणसंही येत नव्हती.

जुन्या नोंदी उघडून रात्रभर वाचत बसले.
न्हाव्याचं नि फौजदाराचं वैर मिटलं, ते तरीवर.
तुरुंगात नेताना एका कैद्यानं
खून आपला नव्हे म्हणून सांगितलं, तेही तिथेच,
आठव्या मिनिटाला, काठ दिसायला लागल्यावर.
बाकी गावभर सगळे पळत होते.
पळताना कोण काय बोलणार?
चोराला थांब म्हणायचं, एवढंच.

तर चालवायची वेल्गा.
दाउगाव्पिल्सच्या इस्पितळात नर्स,
सुट्टीच्या रात्री आमचा म्हातारा नावाडी,
नाव ब्रेन्सिस, मिशा पांढऱ्या.
दोन वर्षांत तिची एकही तक्रार नाही,
म्हणून माझ्या मोजणीत ती नव्हतीच.
पूल झाल्यावरही काही लिहिलं नाही तिनं.
नोंद एवढीच:
ब्रेन्सिस धक्क्यावर उभा आहे.
ब्रेन्सिस दोर तपासतो.
ब्रेन्सिस दोर तपासतो.

हे मी इल्ग्वार्सला जेवताना सांगितलं नाही.
भांडी विसळून झाल्यावर सांगितलं.
तो ताटल्या पुसत राहिला, कोरड्या झालेल्यासुद्धा.
पूल पाडला तर चारशे बारा परत येतील, म्हणाला.
आणि नाही पाडला तर
इथे तो थांबला.

त्या रात्री मालकाचं नाव काढून ठेवून
साध्या कोटात धक्क्यावर गेला.
ब्रेन्सिसनं दोन नाणी मागितली.
ज्यानं गावाची टांकसाळ लिहिली
त्याच्या खिशात दमडी नव्हती.
उधार चालेल, म्हणाला ब्रेन्सिस, आणि दोर सोडला.

मी घड्याळ लावलं.
पहिली चार मिनिटं दोघंही गप्प.
वरून मंत्वीदास धावत गेला,
मधेच थांबला,
कठड्यावरून खाली वाकून बघायला लागला.
इल्ग्वार्सनं एकच शब्द लिहिला, "तर,"
आणि बोटं कळफलकावर तशीच ठेवली.

अजून पाच मिनिटं होती.